अकरा तासांची वाट

अण्णा, पोचले.

म्हणजे पोचून आठवडा झाला. पण सांगायचं राहिलं होतं. ऑकलंडला विमान टेकलं, माणसं उठून डोक्यावरच्या बॅगा ओढायला लागली आणि मी सवयीनं फोन चालू करून तुमचं नाव काढलं. बोट ठेवणार, तेवढ्यात लक्षात आलं. मग तशीच फोन हातात धरून बसले. शेजारचा माणूस "यू ऑलराइट?" म्हणाला. मी म्हटलं, "जस्ट टायर्ड." खोटं नव्हतं ते. इतकी दमलेय अण्णा, की रडणंसुद्धा उद्यावर ढकलतेय.

इथे सगळं आहे तसं आहे. आमच्या पुकेकोहेत कांद्याची काढणी चाललीय, गावाबाहेर लाल मातीचे ट्रक फिरतायत. मी दुसऱ्याच दिवशी फार्मसीत उभी राहिले. रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचे पंप, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर". लोक फार चांगले आहेत. कुणी कार्ड देतं, कुणी मिठी मारतं. कोपऱ्यावरच्या डेअरीतली बाई दुधाचे पैसे घेईना. मी सगळ्यांना थँक्यू म्हणते आणि मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसते. तिथे बसूनच हे लिहितेय. तुमच्याशी थोडं भांडायचंय, आणि एक गोष्ट कबूल करायचीय. ती केल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

तुम्ही शेवटच्या दिवशी माझी वाट बघितलीत ती अकरा तासांच्या हिशेबानं. तो हिशेब चुकीचा होता आणि ते मला माहीत होतं.

हा अकरा तासांचा घोळ सुरू झाला मी इथे आले त्याच्या पुढच्या वर्षी. दोन हजार अकरात आलो आम्ही, नितीन आणि मी, आणि बाराच्या डिसेंबरात पहिल्यांदा सुट्टीवर यायचं ठरलं. तिकीट दादाला पाठवलं, त्यानं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून तुमच्या हातात दिलं. झालं! सातारा स्टँडवर बत्तीस वर्षं कंट्रोलरची खुर्ची सांभाळलेला माणूस. तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसलात. ऑकलंडहून सुटणार दुपारी बारा. सिंगापूरला बदल. मुंबई रात्री अकरा, तारीख तीच. बाराला सुटली, अकराला पोचली, रनिंग टाइम अकरा तास. परतीचं तिकीट: मुंबईहून रात्री साडेअकरा, ऑकलंड दुसऱ्या रात्री बारा. साडेचोवीस तास. मी घरात पाय ठेवला, चपला काढतेय न काढतेय तोच तुम्ही म्हणालात, "शुभे, येताना अकरा आणि जाताना साडेचोवीस. हे काय गौडबंगाल?"

मी हसले. म्हटलं, अण्णा, तिथलं घड्याळ वेगळं, इथलं वेगळं. आमचे दुपारचे बारा वाजतात तेव्हा साताऱ्यात पहाटेचे साडेचार असतात. साडेचार ते रात्री अकरा, साडेअठरा तास. जातानाचे असेच मोजले तर सतरा होतात.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत. "ते असेल तुमचं शास्त्र. पण वाई-महाबळेश्वर गाडीला चढताना जास्त वेळ लागतो, उतरताना कमी. घाट आहे तो. माहेरची वाट उताराचीच असणार."

आता याला काय बोलायचं? एवढा हिशेबी माणूस! एक गाडी पाच मिनिटं लेट आली की स्टँड डोक्यावर घ्यायचात. दोष रस्त्याचा, ड्रायव्हरचा, फाटक बंद ठेवणाऱ्या रेल्वेचा. तुमच्या वेळापत्रकाचा कधीच नाही. दोन ठिकाणी दोन वेळा असतात हे तुम्हाला कळत नसेल? कळत होतं की. पण मान्य नव्हतं. एस.टी.त घड्याळ एकच, स्टँडवरचं. कोल्हापूरची गाडी कोल्हापूरचं घड्याळ घेऊन येत नाही.

दर फेरीला हेच. सहा वर्षांत पाच फेऱ्या झाल्या आणि पाचही वेळा पहिला चहा या भांडणावर. माझी ईरा मोठी होत गेली तशी तीही त्यात पडायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आजोबा, इट्स टाइम झोन्स!" तुम्ही म्हणायचात, "झोन आम्हालाही होते बाळ, पण घड्याळ एक होतं." मग दोघं हसायचात आणि मी वैतागायचे. माझा स्वभाव तुमच्यावरच गेलाय. कुणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही.

म्हणून तर ते झालं. गेल्याच्या आधीच्या डिसेंबरातलं. आठवतंय? नाहीच विसरला असणार तुम्ही.

तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होतात. मी माझं घड्याळ काढून ठेवलं, शेजारी तुमचं ठेवलं. माझ्यात ऑकलंडची वेळ होती. म्हटलं आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच. बोट ठेवून ठेवून दाखवलं, इथे सुटलं, इथे पोचलं. तुम्ही म्हणालात, "दोन घड्याळं वापरणारा कंट्रोलर एक गाडी सोडू शकत नाही, शुभे." माझं डोकंच फिरलं. इतका लांबचा प्रवास करून आलेली, झोप नाही, पाय सुजलेले, आणि समोर हा हट्टी म्हातारा. मी म्हणून गेले, "खरं तर उलटं आहे अण्णा. जाताना कमी वेळ लागतो. वरती वारा असतो, जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर. तासाभराहून जास्तच फरक पडतो. यायलाच वेळ लागतो, जायला नाही."

तुम्ही चष्मा काढलात. "म्हणजे तुला जायला सोपं पडतं म्हण."

"मी तसं नाही म्हणाले."

"वारा म्हणाला, मग." तुम्ही पेपराची घडी घातलीत, उठलात आणि पाण्याची मोटर बंद करायला गेलात. मोटर चालू नव्हतीच.

त्याच वेळी उठून तुमच्या मागे यायला हवं होतं. नाही आले. मला वाटलं, जाऊ दे, जेवताना विषय निघेल. जेवताना निघाला तो ईराजवळ. "तुझ्या आईला वारा घेऊन जातो बरं का." ती भात कालवत म्हणाली, "इट्स जस्ट द जेट स्ट्रीम, आजोबा." तुम्ही तिला तूप वाढलंत. पुढच्या दहा दिवसांत तुम्ही तिकिटाचा विषय काढला नाहीत. तुम्ही गप्प बसणं हे तुम्ही बोलण्यापेक्षा फार महाग पडतं. निघायच्या दिवशी पाया पडले तेव्हा म्हणालात, "जपून जा. वारा आहेच." चेष्टा होती का टोमणा, मला आजही सांगता येत नाही.

मग जूनमधला फोन.

इथे थंडी, फ्लूचा हंगाम. आमच्या संध्याकाळी सात वाजता हिशेब उरकून मी दुकानाचं शटर ओढत होते. दिवसभर उभी. एका बाईनं औषध महाग म्हणून माझ्यावर आवाज चढवला होता, ईराचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, शाळेत विसरलेले, घरी स्वयंपाक व्हायचा होता. तुमचा फोन. साताऱ्यात साडेबारा वाजले असणार, तुमचं जेवण झालेलं. "शुभे, ते जुनं तिकीट सापडलं आज. परत बघितलं मी. अकराच होतात गं."

सहा महिन्यांनी तुम्ही तो विषय काढला होता. आवाजात कसलासा दबकेपणा होता, म्हणजे मी चिडले तर लगेच मागे घेता येईल असा. तो ऐकला आणि माझ्यातलं भांडणच संपलं. मी म्हटलं, "हो अण्णा. अकराच. तुमचं बरोबर आहे."

तुम्ही लगेच, "खरं म्हणतेस?"

"खरं. मी नीट बघितलं. अकरा तास."

"बघ! सांगत नव्हतो?" काय तो आनंद, अण्णा. मंत्रालयातून तुमचं वेळापत्रक मंजूर होऊन आल्यासारखा. आणि मी शटरला टेकून उभी राहिले नि मलाही बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणाना. वाटलं, एवढंच करायचं होतं, सहा वर्षं का नाही केलं? दमलेल्या माणसाला खोटं बोलायला फारशी ताकद लागत नाही. भांडायला लागते.

आणि त्या खोट्यानं आपले आठ महिने फार चांगले गेले, हेही सांगते. गणपतीला यायला जमलं नाही, मी फोनवर रडायला लागले, तर तुम्हीच माझी समजूत काढलीत. "रडतेस काय? अकरा तासांवर तर आहेस. इथून नागपूरला एस.टी.नं याहून जास्त लागतात. नागपूरला दिलेल्या पोरींनी काय करावं?" मी रडता रडता हसले. दिवाळीतही तेच. गुडघ्याचं दुखणं वाढलं, दादा म्हणाला डॉक्टरांना दाखवू, तुम्ही म्हणालात, शुभीला विचारू, ती काय, अकरा तासांवर आहे. तुम्ही मला उचलून नागपूरच्या अलीकडे आणून ठेवलंत. बारा हजार तीनशे किलोमीटर आहेत हो अण्णा मध्ये. पण तेवढे महिने मलाही ते तितके वाटत नव्हते. त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवेत.

पण एक वाईट गोष्ट केली मी. तुम्हाला माहीत नाही असं मी धरून चालले होते.

तुम्ही दादाला सांगितलंत, शुभी कबूल झाली म्हणून. दादा बँकेतला माणूस, त्याला दोन अधिक दोन चारच लागतात. त्यानं मला फोनवर विचारलं, "काय गं, तू अण्णांना म्हणालीस का, अकरा तास लागतात?" त्याच्या आवाजात हसू होतं. मला लाज वाटली. एवढी शिकलेली, फार्मसिस्ट, आणि काय हे, असं त्याला वाटेल. मी म्हटलं, "छे! मी कशाला असं म्हणेन? काहीतरीच ऐकलं असेल त्यांनी." दादा म्हणाला, "वाटलंच मला. हल्ली ऐकू कमी येतं त्यांना." आणि आम्ही दोघं हसलो. विषय संपला. माझ्या दृष्टीनं संपला.

मग फेब्रुवारीत दादाचा फोन. न्यूमोनिया, हॉस्पिटल, "निघ तू." दुसऱ्याच दिवशीचं दुपारी बाराचं विमान मिळालं. विमानात चढायच्या रांगेत उभी होते तेव्हा साडेअकरा झाले होते. दादाला फोन लावला. तो तुमच्यापाशीच होता, फोन तुमच्या कानाला लावला त्यानं. मी म्हटलं, "अण्णा, मी शुभा. निघालेच बघा. विमानात बसतेय."

मास्कमधून श्वास ऐकू येत होता. मग तुमचा आवाज. बारीक, पण स्टँडवरचाच. "चार वाजलेत. अकरा तास. तीनला मुंबई. नऊला इथे."

मी ऐकलं अण्णा. स्पष्ट ऐकलं. पुढे रांग सरकत होती, बाई बोर्डिंग पास मागत होती, आणि मला कळत होतं की तुम्ही रात्री नऊची वेळ लावून घेतलीत. मी पोचणार होते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. सांगायला हवं होतं का? सांगा ना, काय सांगायला हवं होतं? "अण्णा, नऊ नाही, सहा. अकरा नाही, साडेअठरा. मी तुम्हाला फसवलं होतं"? त्या श्वासावर हे कसं टाकायचं? मी म्हटलं, "हो अण्णा. आले."

त्या विमानात मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. समोरच्या पडद्यावर ते चिमुकलं विमान नकाशावरून सरकत होतं. राहिलेले किलोमीटर, राहिलेले तास. मी ते बंद केलं, परत चालू केलं. ऑस्ट्रेलिया संपता संपत नाही हो. जेवण आलं, परत गेलं. सिंगापूरला उतरल्या उतरल्या दादाला फोन केला तर तो म्हणाला, "विचारतायत, मुंबईत उतरली का." साताऱ्यात साडेतीन वाजत आले होते. मी म्हटलं, "सांग, रस्त्यात आहे." आपल्याकडे घरातून निघायच्या आधीही माणूस रस्त्यातच असतो. दादाला त्यात काही वाटलं नाही.

तुम्ही गेलात पावणेअकराला. माझं विमान तेव्हा मुंबईवर खाली येत होतं, सीटबेल्टचा दिवा लागला होता. दादानं उतरल्यावर सांगितलं. म्हणाला, "शांतपणे गेले. त्रास नाही झाला काही." मी गाडीत बसले. खंबाटकीचा घाट कधी आला, कधी गेला, समजलं नाही.

मग ते तेरा दिवस. तुमच्या स्टँडवरचे सगळे येऊन गेले. तुमच्या हाताखाली ड्रायव्हर असलेले शिंदेकाका रोज यायचे, कोपऱ्यात बसून राहायचे. तेराव्याला पंगत बसली होती, मी वरण वाढत होते. काका म्हणाले, "साहेबांनी आयुष्यात एका गाडीचं टाइमटेबल चुकवलं नाही. आणि शेवटी पोरीच्या विमानाचाच हिशेब चुकला बघा. नऊला येणार, नऊला येणार म्हणत होते म्हणे." पंगतीतल्या चारपाच जणांनी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, वय झालं होतं. दादा म्हणाला, "हो, घोटाळा व्हायचा त्यांचा."

मी वरण वाढत पुढे गेले. तुमची बत्तीस वर्षांची अब्रू त्या पानांवर पडली होती आणि मी विचारलं, "काका, भात आणू का?"

म्हणून परवा रविवारी दादाला फोन केला. नितीन आणि ईरा बाहेर गेले होते. मी सगळं सांगितलं. जूनचा फोन, शटर, "तुमचं बरोबर आहे". त्यानं विचारल्यावर मी कशी नाही म्हणाले ते. रांगेतलं "हो" सुद्धा. म्हटलं, दादा, अण्णांचं काही चुकलं नव्हतं. शिंदेकाकांना सांग, सगळ्यांना सांग. मला वाटलं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "शुभे, मग मी त्यांना उगाच बोललो गं."

मला वाटलं काहीतरी किरकोळ असेल. तो सांगायला लागला. नऊ वाजून गेल्यावर तुम्ही सारखे दाराकडे बघत होतात. नर्सनं दार लोटलं तर उघडं ठेवायला लावलंत. सव्वानऊ, साडेनऊ. दादा दोन दिवसांचा जागा होता, त्याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "अण्णा, ती अजून विमानात आहे. सकाळी येईल. तुमचं गणित चुकलंय, आता डोळे मिटा जरा." तुम्ही मास्क बाजूला केलात. म्हणालात, "अरे, शुभी स्वतः म्हणाली मला, अकरा तास." तर तो म्हणाला, "मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, मी असं बोललेच नाही."

दादा सांगत होता तेव्हा त्याचा आवाज फुटत होता. "मग वर बघत राहिले गं. नंतर माझा हात धरला आणि म्हणाले, मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. ती आल्यावर तिला यावरून काही बोलू नकोस. दमून येईल. त्यानंतर बोललेच नाहीत."

अण्णा, मी म्हणाले होते. अकरा तास, असंच म्हणाले होते. तुम्ही नीट ऐकलं होतंत.